पुणे मेट्रो: डब्यात उत्तम, पदपथावर काठावर पास

सेवेचे परीक्षण करताना तिची किंमत आधी सांगितलेली बरी. पुणे मेट्रोचे तिकीट किमान १० आणि कमाल ३५ रुपये आहे. शनिवारी-रविवारी सर्वांना ३० टक्के सवलत मिळते, आणि पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तेवढीच सवलत एरवीही मिळते. ही झाली खिडकीवरची किंमत. पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ११,४२० कोटी रुपये होता. ढोबळमानाने त्यातील प्रत्येकी २० टक्के वाटा केंद्र व राज्य सरकारचा, १० टक्के पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांचा, तर उरलेला निम्मा भाग युरोपियन गुंतवणूक बँक व फ्रेंच विकास संस्था यांच्यासारख्या परदेशी वित्तसंस्थांच्या कर्जाचा. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून या दोन्ही शहरांत घर घेणाऱ्यास मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो. साठ लाखांची सदनिका घेणाऱ्या कुटुंबाने मेट्रोत पाऊल ठेवण्याआधीच साठ हजार रुपये मोजलेले असतात, आणि तेवढ्या रकमेत कमाल भाड्याचे सतराशेहून अधिक प्रवास होतात. त्यामुळे ‘एवढ्या स्वस्तात एवढी चांगली सोय, मग कुरकूर कशाला?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. ग्राहकाने आगाऊ पैसे भरलेले आहेत. सेवा पुरेपूर मिळते का, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले आणि पहिली गाडी ६ मार्च २०२२ रोजी धावली. तेव्हा वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन तुटक तुकडे सुरू झाले होते, आणि त्यांवर कामाला जाणाऱ्यांपेक्षा हौसेने फिरणाऱ्यांचीच गर्दी अधिक असे. १ ऑगस्ट २०२३ रोजी दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना मिळाल्या, तेव्हा कुठे ही खऱ्या अर्थाने वाहतूक सेवा झाली. मार्च २०२४ मध्ये पूर्वेकडील गाडी रामवाडीपर्यंत गेली, तर २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला होऊन पहिला टप्पा पूर्ण झाला. आज सुमारे ३३ किलोमीटर मार्ग आणि तीस स्थानके वापरात आहेत.

यातला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भाग सविस्तर लिहिण्याजोगा आहे, कारण मेट्रोने शहराला नेमके काय दिले हे तिथेच कळते. वरून हा प्रवास म्हणजे शिवाजी रस्ता किंवा बाजीराव रस्ता, बुधवार पेठेतली कोंडी, मंडईजवळ रस्त्यात उभे असलेले टेम्पो आणि संध्याकाळी कितीही वेळ लागू शकेल असा अंदाज. खालून तो दहा मिनिटांच्या आत होतो. गाडी मुठेच्या पात्राखालून कसबा पेठेत येते, तिथून पेशवेकालीन वस्तीच्या खालून मंडईला आणि मग स्वारगेटला. हे बोगदे खणणाऱ्या यंत्रांना मुठा, मुळा आणि पवना ही नावे दिली होती. जुने वाडे आणि दाट वस्ती यांच्याखालून खोदकाम होणार म्हटल्यावर पेठांमध्ये जी धास्ती होती ती अनाठायी नव्हती. ते काम निभावले गेले, याचे श्रेय मेट्रो बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या महामेट्रो या सरकारी कंपनीला निःसंकोच द्यायला हवे. कसबा पेठेतील स्थानकासाठी काही कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

मंडई स्थानकातून वर येणारा प्रवासी तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर बाहेर पडतो. सणाच्या खरेदीला जाताना ‘गाडी लावायची कुठे?’ हा प्रश्न ज्यांनी वर्षानुवर्षे सोसला आहे, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. पिशव्या घेऊन परतणाऱ्या बायका, हाताला धरलेली मुले आणि दुर्वा-फुलांच्या पुड्या यांनी संध्याकाळचा फलाट भरलेला असतो. मध्यवस्तीतल्या व्यापाऱ्यांनाही या गर्दीचा फायदा झाला असणार. पुण्याच्या गाभ्यात वाहन न घेता जाता येते, ही गोष्ट आमच्या पिढीने पहिल्यांदाच अनुभवली.

प्रत्यक्ष डब्यातल्या सेवेबद्दल तक्रारीला फारसा वाव नाही. डबे स्वच्छ आहेत, वातानुकूलन पुरेसे आहे, उद्घोषणा मराठीत नीट ऐकू येतात, आणि गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी, एरवी दहा मिनिटांनी गाडी मिळते. तिकीट खिडकीवर, यंत्रावर, मोबाईल ॲपवर आणि व्हॉट्सॲपवरही काढता येते. पिंपरीहून स्वारगेटला पाऊण तासाच्या आत पोहोचता येते आणि पावसाळ्यातही या वेळेत फारसा फरक पडत नाही. गाडी तीनच डब्यांची असल्याने सकाळी साडेनऊच्या सुमारास जिल्हा न्यायालय स्थानकात दारापाशी रेटारेटी होते, आणि त्या वेळी दोन गाड्यांमधले अंतर आणखी कमी व्हायला हवे, असे वाटते.

या जिल्हा न्यायालय स्थानकाविषयी मात्र थोडे सावध करायला हवे. इथे एक मार्गिका उन्नत आहे, तर दुसरी जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर; देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत याची गणना होते. वास्तू म्हणून ते देखणे आहे, आणि एवढ्या खोलवर वरून येणारा दिवसाचा उजेड पाहून कोणीही एकदा मान वर करतोच. परंतु वनाजकडून येऊन स्वारगेटला जाणाऱ्यास एकामागून एक सरकते जिने उतरावे लागतात, आणि नकाशावर एका ठिपक्याने दाखवलेली ही अदलाबदल चांगली पाच-सात मिनिटे खाते. गुडघेदुखी असलेल्यांनी सरळ उद्वाहनाकडे जावे. वेळेचे गणित मांडताना गाडी बदलण्याची मिनिटे धरली नाहीत, तर कार्यालयात उशीर ठरलेला.

आता स्थानकाबाहेर येऊ. एका उन्नत स्थानकाचा जिना जिथे जमिनीला टेकतो, तिथले दृश्य असे आहे: शेवटच्या पायरीसमोर दीड-दोन हात रुंदीचा पदपथ, त्याच्या मध्यावर विजेची डीपी, तिला टेकून लावलेल्या दुचाकी आणि पुढे वडापावची गाडी. दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या खाचांच्या फरशा सरळ त्या डीपीपर्यंत जातात आणि तिथेच संपतात. प्रवासी रस्त्यावर उतरतो. रस्त्यावर रिक्षा उभ्या असतात, म्हणून तो आणखी आत, वाहत्या रहदारीत जातो. आत, फाटकाच्या पलीकडे, तीच फरशी एकही खंड न पडता फलाटाच्या कडेपर्यंत नेलेली आहे. हे एकाच स्थानकाचे वर्णन असले, तरी वाचणाऱ्यास आपापले स्थानक आठवेल, याची मला खात्री आहे.

यामागचे कारण पैशांची टंचाई हे नाही. फाटकाच्या आतली जागा महामेट्रोची, पदपथ महापालिकेचा, बस पीएमपीएमएलची, रिक्षाथांबा परिवहन खात्याचा आणि चौकातला सिग्नल वाहतूक पोलिसांचा. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, निविदा वेगळी आणि मुदतही वेगळी. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले, तेव्हा ती सोय तात्पुरती असल्याचे सांगितले गेले होते. खाली भुयारी स्थानक बांधून झाले, गाड्याही धावू लागल्या, पण पुढची पाच वर्षे तरी एसटी वाकडेवाडीतच राहिली. रेल्वे, मेट्रो आणि एसटी एकाच ठिकाणी मिळण्याची दुर्मीळ संधी असलेल्या जागेची ही गत.

बसची जोड मिळाली, तर या सेवेचे मूल्य दुप्पट होईल. काही स्थानकांवरून पूरक बस सुटतात, परंतु त्यांची वारंवारता गाडीच्या वारंवारतेशी जुळत नाही. पीएमपीएमएलच्या ॲपवर मेट्रोचेही तिकीट निघते, ही चांगली सुरुवात आहे. भाडे मात्र दोनदा द्यावे लागते. जून २०२५ पासून बसचे किमान भाडे १० रुपये झाले आहे. त्यामुळे दोन्ही टोकांना बस आणि मध्ये मेट्रो असा प्रवास करणाऱ्याला एका दिवसात येता-जाता बसचेच निदान चाळीस रुपये पडतात, आणि मग तो दुचाकीला किक मारतो. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणात स्थानकांच्या सभोवतालच्या पाच किलोमीटर परिसरात पूरक वाहतुकीची व्यवस्था प्रस्तावातच दाखवावी, अशी अपेक्षा आहे. कागदावर ती दाखवली जाते. प्रत्यक्षात बसची वाट पाहत थांब्यावर उभे राहणाऱ्याला ती दिसत नाही.

आणि तरीही या सगळ्या यंत्रणा एकत्र येऊ शकतात, याचा पुरावा दरवर्षी गणेशोत्सवात मिळतो. २०२१ मध्ये संभाजी पुलावरील मेट्रोच्या गर्डरमुळे विसर्जन मिरवणुकीतील उंच देखाव्यांना अडथळा येईल म्हणून मंडळांनी हरकत घेतली होती आणि काम काही महिने थांबले होते. त्याच मेट्रोने पुढे उत्सवाची गर्दी वाहून नेली. ६ सप्टेंबर २०२५ च्या अनंत चतुर्दशीला गाड्या रात्रभर धावल्या आणि त्या एका दिवसात साडेपाच लाखांहून अधिक प्रवाशांनी प्रवास केला. अशा दिवशी स्थानकाबाहेर दोर लावले जातात, रस्ते चालणाऱ्यांसाठी मोकळे होतात, पोलीस, पालिका कर्मचारी आणि कार्यकर्ते एका सुरात काम करतात. दहा दिवस जे जमते, त्यातले निम्मे तरी उरलेल्या वर्षभरात का जमू नये?

दरम्यान निधीच्या आणि मंजुरीच्या बातम्या येतच असतात. पिंपरीहून निगडीपर्यंतचा ४.४ किलोमीटरचा विस्तार. स्वारगेट ते कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा भुयारी मार्ग, ज्याला ऑगस्ट २०२४ मध्ये २,९५४ कोटींची मंजुरी मिळाली. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली हे मिळून १२.७५ किलोमीटरचे दोन विस्तार, ज्यांना जून २०२५ मध्ये ३,६२६ कोटी मंजूर झाले. त्यानंतर खराडी ते खडकवासला आणि नळस्टॉप ते माणिकबाग या मार्गांनाही केंद्राची संमती मिळाली. हिंजवडीची तिसरी मार्गिका पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, आणि खासगी भागीदारीतली असल्याने ती या परीक्षणात धरलेली नाही. या बातम्यांत किलोमीटर असतात, कोटी असतात, पूर्णत्वाची तारीख असते. स्थानकाबाहेरचा पदपथ किती रुंद होणार, चौक ओलांडायचा कसा, रिक्षा कुठे थांबणार, याचा उल्लेख मी अभावानेच वाचला आहे. कोट्यवधींच्या आराखड्यात ही रक्कम किरकोळच असणार, आणि कदाचित म्हणूनच तिला कोणी वाली नाही.

ही सेवा कोणी वापरावी, हे सांगणे सोपे आहे. घर आणि कामाचे ठिकाण दोन्ही स्थानकापासून दहा मिनिटे चालण्याच्या आत असतील, तर दुचाकी विकायला हरकत नाही. पिंपरी, कासारवाडी, दापोडीकडून मध्यवस्तीत येणाऱ्यांना दुसरा विचार करण्याचे कारणच नाही. पुणे रेल्वे स्थानकावर पहाटेची गाडी पकडायची असेल, तर मात्र सेवा सकाळी सहाला सुरू होते हे लक्षात ठेवावे. वारजे, धायरी, कोंढवा, हडपसर येथे राहणाऱ्यांसाठी सध्या ही सेवा सुट्टीच्या दिवशी तुळशीबागेत जाण्यापुरती. डब्यातल्या प्रवासाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, स्थानकांना चार, आणि दारापासून घरापर्यंतच्या टप्प्याला दीड.

कात्रज मार्गाचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. मूळ आराखड्यात मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानके होती. पद्मावती ते कात्रज हे अंतर पाहता मधल्या दाट वस्तीला मार्ग पायाखालून जाऊनही उपयोग झाला नसता. रहिवाशांनी आणि लोकप्रतिनिधींनी मागणी लावून धरली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बिबवेवाडी व बालाजीनगर ही दोन वाढीव स्थानके ६८३ कोटी रुपयांसह मंजूर केली. काम अजून हातात आहे. या पाचही स्थानकांची प्रवेशद्वारे सातारा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या थांब्यासमोर उघडणार, त्याचे नकाशे महापालिका आणि महामेट्रोने मिळून आताच क्षेत्रीय कार्यालयांत लावावेत. भिंत उभी राहिल्यावर हरकती मागवण्यात अर्थ नसतो.