आडवाटेची ठिकाणं नोंदवायची कुठे? फोनमधला नकाशा की ओपनस्ट्रीटमॅप

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौदा-पंधरा जण सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर करून पुण्याहून सकाळी निघतो आणि दिवेलागणीला परत येतो. सिंहगड, लोहगड कधीच मागे पडले. आता लोणी भापकरचं मल्लिकार्जुनाचं देऊळ आणि तिथला यज्ञवराह, पूरचं कुकडेश्वर, टाकळी ढोकेश्वरची लेणी, निघोजचे रांजणखळगे असली ठिकाणं चालतात. याहूनही लहान काहीतरी वाटेत भेटतंच. एखादी बारव (पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची जुनी विहीर), शेताच्या बांधावर आडवे पडलेले चार वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिशिळा, ओढ्याकाठचं शिखर नसलेलं देऊळ.

असं हिंडायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या सहलीला प्रश्न येतोच: हे सगळं नोंदवून ठेवायचं कुठे? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची पिन दोन वर्षांनी सापडत नाही, सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. सापडलीच तर ती देवळाची नसते. पाठवणारा ज्या टपरीवर चहा पीत बसला होता त्या टपरीची असते. म्हणजे नकाशाच हवा, आणि आपल्यानंतर जाणाऱ्यालाही दिसेल असा हवा. त्यासाठी सरळ पर्याय दोन. फोनमध्ये आधीपासून असतो आणि ज्याच्यावर सगळं जग गाडी चालवतं तो नकाशा. त्याला मी इथे ‘फोनमधला नकाशा’ म्हणतो. दुसरा ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला, लोकांनी मिळून भरलेला नकाशा. मी दोन्हींत ठिकाणं घातली आहेत, दोन्हींवर वैतागलो आहे.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या टोपोशीट, म्हणजे डोंगर-ओढे-वाटा दाखवणारे छापील सरकारी नकाशे, हा जुन्या ट्रेकर मंडळींचा तिसरा पर्याय. घरी पसरून बघायला त्यांच्यासारखी मजा नाही, पण त्यात आपल्याला काही भरता येत नाही, म्हणून इथे बाजूला ठेवतो.

फोनमधल्या नकाशाची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. दिवे घाटात गर्दी किती, सासवडच्या पुढे मिसळ कुठे, जेजुरीत अमावास्येमुळे रस्ता अडला आहे का, हे त्यालाच विचारावं. ओपनस्ट्रीटमॅपला यातलं फारसं काही ठाऊक नसतं. शिवाय तिथे टाकलेलं ठिकाण माणसं बघतात. लेण्याखाली काकडी आणि ताक विकणाऱ्या बाईंना चार गिऱ्हाईकं मिळावीत असं वाटत असेल तर तिथेच नोंद करा, फोटोही टाका. दुसरीकडे कितीही नीटस नोंद केलीत तरी ती आपण होऊन शोधणारे मोजकेच. आणि ठिकाण टाकणं सोपं इतकं की आमच्या ग्रुपमधल्या पंचाहत्तरीच्या काकांनी गाडी चालू असताना तीन देवळं टाकली. त्यातलं एक नंतर सहकारी सोसायटीचं ऑफिस निघालं, पण तो दोष नकाशाचा नाही.

तर मग अडलं कुठे? नावावर.

आपल्याकडचं ठिकाण बहुतेक वेळा कुणीतरी इंग्रजी अक्षरांत टाकतो आणि मराठीत बघणाऱ्यासाठी यंत्र ते देवनागरीत परत आणतं. या जाण्यायेण्यात ळ चा ल होतो, ण चा न, ठ चा थ. मळगंगेची मलगंगा झाली तर आपण हसून पुढे जातो. ऱ्हस्व-दीर्घ तर इंग्रजी अक्षरांत जातानाच गळून पडतं. पुण्याला बसून हे सगळं किरकोळ वाटतं. पण खेड्यात पोचल्यावर शेवटचा टप्पा नकाशावर पार होत नाही, विचारून होतो, आणि विचारायला नावच लागतं.

बारामती तालुक्यातल्या एका लहान गावात आम्ही एक बारव बघायला निघालो होतो. फोनमधल्या नकाशात कुणीतरी ती इंग्रजी अक्षरांत घातली होती आणि मराठीत ती ‘बाराव’ अशी उमटली होती. आमचे ड्रायव्हरमामा पडद्यावर दिसेल ते अक्षर न् अक्षर वाचतात. पारावर टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. मामांनी काच खाली करून विचारलं, “पाव्हणं, बारावं कुठंशी हाय?”

आजोबांनी गाडीत एक नजर टाकली. स्वच्छ कपड्यातली चौदा माणसं, रविवार, सकाळचे साडेअकरा. “कुणाचं?”

“कुणाचं ते नाही ठाऊक. जुनं हाय म्हनत्यात.”

आजोबा क्षणभर गप्प झाले. मग पलीकडच्या वस्तीकडे हात करून म्हणाले, “तिकडं हाय आज. पर पंगत बसली आसंल बघा.”

मागे बसलेल्यांना हे संभाषण ऐकूच आलं नाही. पुढे बसलेल्या मला ऐकू आलं, पण ‘पंगत’ हा शब्द कानावर पडूनही डोक्यात शिरला नाही. गाडी वस्तीवर गेली. मांडव होता, हार घातलेला एका आजींचा फोटो होता, उदबत्ती होती, आणि आम्हाला बघून दहा माणसं उभी राहिली. “या, बसा.” तांब्याभांडी आली. कोण, कुठले, हे कुणी विचारलं नाही. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ ताई प्रसंग ओळखून पुढे झाल्या, फोटोसमोर हात जोडले आणि सतरंजीवर बसल्या. त्यांच्या मागोमाग आम्ही सगळे. दहा मिनिटं त्या शोकात बसून, चहा घेऊन, मग हळूच घरातल्या एका मुलाला बाहेर बोलावून खरं काय ते सांगितलं. तो हसू दाबत म्हणाला, “पायऱ्यांची विहीर व्हय? घोड्याची बारव म्हनत्यात तिला.” आणि मोटरसायकलवर पुढे होऊन त्याने आम्हाला तिथे नेलं. ती मांडवापासून तीन शेतं पलीकडे होती.

बारव सुरेख. उतरायला एकाच बाजूने पायऱ्या, म्हणजे शिल्पशास्त्रातल्या वर्गवारीप्रमाणे नंदा. दोन बाजूंनी उतरता आलं तर भद्रा, तिन्हींनी जया, चारींनी विजया. खालच्या तीन पायऱ्या शेवाळाखाली, भिंतीत समोरासमोर दोन देवळ्या, एकीत शेंदूर आणि विझलेली पणती. निर्गुडीची एक फांदी पाण्यावर आलेली आणि तिच्या सावलीत कासव. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर बघितलेल्या माणसाला ही लहान वाटेल, पण तिच्यावर अजून एकही तिकिटाची खिडकी नाही.

घरी आल्यावर फोनमधल्या नकाशावर नावाची दुरुस्ती पाठवली. सूचना तपासली जात आहे, असं उत्तर आलं. काही आठवड्यांनी कळलं की बदल करता आला नाही. पुन्हा पाठवली, सोबत फोटो जोडला, पुन्हा तेच. कारण नाही. नकार मी समजू शकतो. चुकीच्या दुरुस्त्याही रोज ढिगाने येत असतील. पण आपलं म्हणणं ऐकायला पलीकडे माणूस आहे का, हेच कळू नये, याचं काय करायचं? माझ्या अनुभवावरून सगळ्यांचं ठरवू नका. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंच्या दुरुस्त्या दोन दिवसांत स्वीकारल्या जातात. त्यांची ग्रहदशा चांगली असावी.

मग ती बारव मी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घातली. इथे नावाची एकच चौकट नसते. मराठी नावाला स्वतंत्र जागा आहे, इंग्रजीला स्वतंत्र, लोक जे दुसरं नाव वापरतात त्याला आणखी एक. मराठीत ‘घोड्याची बारव’ लिहिलं, पर्यायी नाव म्हणून ‘पायऱ्यांची विहीर’. कुणाची परवानगी लागली नाही. थोड्या वेळाने संकेतस्थळावरच्या नकाशात ते दिसायला लागलं. फोनवर नेटशिवाय चालणाऱ्या ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँडसारख्या अ‍ॅपमध्ये मात्र नकाशाचा पुढचा अपडेट येईपर्यंत थांबावं लागतं, हे आधीच सांगून ठेवतो. आज टाकलं आणि उद्याच्या सहलीला सगळ्यांच्या फोनवर दिसलं, असं होत नाही.

नावासाठी गेलो आणि वाटेसाठी रमलो. देवळाची पिन देऊळ कुठे आहे ते सांगते. ट्रॅव्हलर कुठे थांबवायची आणि परत वळवायला जागा आहे का, ते सांगत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये बैलगाडीची वाट आपण स्वतः रेघ ओढून घालू शकतो, आणि ती पक्की आहे की नुसत्या गवतातल्या दोन चाकोऱ्या आहेत हे सांगायला पाच दर्जे आहेत, पहिला सर्वांत पक्का, पाचवा सर्वांत कच्चा. पाचवा दर्जा लिहिलेला दिसला की आम्ही डांबरी सडकेवरच उतरतो. वाटेत ओढ्यातून गाडी घालावी लागत असेल तर तेही नोंदवता येतं. निघोजच्या खळग्यांसारख्या ठिकाणी तर याला फारच किंमत आहे, कारण कुकडीचा एक काठ पारनेर तालुक्यात आणि समोरचा शिरूरमध्ये, टाकळी हाजीकडे. पिन पात्राच्या मध्यावर असली तर गाडी कुठल्या काठाला लागणार हे नशिबावर. वाटा आणि थांबा नोंदवलेला असेल तर डबे आणि माणसं एकाच काठावर येतात.

ओपनस्ट्रीटमॅपची वैगुण्यं मला ठाऊक नाहीत असं समजू नका. शिकायला वेळ लागतो. पहिले दोन रविवार मी नुसता कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं यातच घालवले. आपल्याकडे मुख्य नावाच्या चौकटीत इंग्रजी लिहायची वहिवाट आहे, म्हणून संकेतस्थळ उघडलं की प्रथम इंग्रजीच नावं दिसतात. मराठी बघायला अ‍ॅपची भाषा मराठी करावी लागते. खेडोपाडी मोठाल्या मोकळ्या जागा आहेत, तिथे अजून कुणी हातच लावलेला नाही. आणि जसं मला कुणी विचारत नाही तसं दुसऱ्यालाही विचारत नाही. कुणा लांबच्या उत्साही माणसाने उपग्रहाच्या चित्रात चौकोनी हिरवं पाणी बघितलं आणि माझ्या दुसऱ्या एका बारवेचा स्विमिंग पूल केला. पण प्रत्येक बदलामागे कोणी, केव्हा, काय केलं याचा इतिहास तिथे उघडा असतो. त्याला निरोप पाठवला, सोबत पायऱ्यांचं वर्णन. दुसऱ्या दिवशी क्षमा मागून त्याने स्वतःच दुरुस्त केलं, वर विचारलं की पोहता येतं का. माझ्या मनाचा काटा इथेच पक्का झुकला. चूक दोन्हीकडे होते. एकीकडे चूक करणाऱ्याशी बोलता येतं.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. एका नकाशातलं बघून दुसऱ्यात उतरवायचं नाही. ओपनस्ट्रीटमॅपवाले याबाबत सोवळे आहेत: स्वतः गेलात, जीपीएसने वाट नोंदवली, डोळ्यांनी पाहिलं, गावात विचारलं, तर घाला. आम्हाला याचा उलटा फायदा झाला. गावात गेल्यावर आता आमच्यातले दोघं फक्त नावं विचारत फिरतात. “हे महादेवाचं?” “कुठलं, मळ्यातलं का ओढ्यातलं?” हा एकच प्रश्न कुठल्याही पिनेपेक्षा जास्त सांगतो.

सगळंच नोंदवू नये, हेही जाता जाता. सुटी मूर्ती उघड्यावर असेल, देवराईत घरटं असेल, तर मी दोन्हीकडे हात आवरतो आणि फक्त वहीत लिहितो. वीरगळांच्या बाबतीत ग्रुपमध्ये अजून वाद चालू आहे. एका ताईंचं म्हणणं, नोंद असली तर चोरीनंतर निदान काय होतं ते कळेल. दुसऱ्यांचं म्हणणं, नोंद नसती तर चोर आला कशाला असता?

तेव्हा ज्याला वर्षाकाठी दोन सहली काढायच्या आहेत, माणसं गाडीत बसवून जेवायच्या वेळेला पोचवायची आहेत, त्याने फोनमधला नकाशा सोडायचं काही कारण नाही. मीही सोडलेला नाही. सासवडपर्यंत आम्ही त्याचंच ऐकतो. पण त्याच भागात पुन्हा पुन्हा जाणार असाल, आपल्या मागून येणाऱ्याला नाव नीट मिळावं असं वाटत असेल आणि थोडी चिकाटी असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा आणि आधी स्वतःच्या गावचा ओढा घाला. त्याचं नाव तुम्हाला नक्की ठाऊक असतं, आणि तो बहुधा तिथे नसतो.

ड्रायव्हरमामांच्या फोनमध्येही आता ऑर्गॅनिक मॅप्स आहे, मराठीत. त्यावर ‘घोड्याची बारव’ स्वच्छ दिसते. तरी मामा पारावर गाडी थांबवून ‘पायऱ्यांची विहीर’च विचारतात. बारव हा शब्द त्यांनी परत तोंडातून काढलेला नाही.