मोफत विधी सेवा : अटकेच्या रात्री उपयोगी पडलेला आधार

भाच्याला मारामारीच्या गुन्ह्यात पोलीस ठाण्यात नेले, तेव्हा आम्ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या मदत क्रमांकावर फोन केला. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

सकाळी आलेल्या वकीलबाईंनी आवाज न चढवता अटकेचा पंचनामा मागितला आणि वेळेच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे पहाटे ५ ची नोंद होती. भाच्याला मात्र रात्री ११ लाच आणले होते. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे बंधन असल्याने हा फरक किरकोळ नव्हे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ३५ प्रमाणे नोटीस देऊन भागत असताना अटक कशासाठी, हेही त्यांनी लेखी विचारले. तपासाचा अधिकार पोलिसांना हवाच, पण अटकेची कारणे कागदावर यायला हवीत, असे मला मनापासून वाटते.

सेवा उत्तम आहे. त्या ठाण्यात मात्र या क्रमांकाचा फलक कुठेही नव्हता, तो आम्हाला शेजाऱ्यांनी सांगितला.