आयआयएम अहमदाबादचा जुना कॅम्पस: डॉर्म पाडायच्या आधी बघून घ्या (४.५/५)

आर्किटेक्चरशी माझा संबंध घराचा प्लॅन पास करून घेण्यापुरताच, तरी सांगतो, अहमदाबादला जाणार असाल तर हा कॅम्पस बघाच आणि लवकर बघा. लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टने डिझाइन केलेली इथे अठरा हॉस्टेलं आहेत, तिकडे सगळे डॉर्म म्हणतात, त्यातली १ ते १४ काढून तिथे नवीन बांधायचं संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं. डिसेंबर २०२० मध्ये पण हाच घाट घातला होता, तेव्हा जगभरातून इतकी बोंबाबोंब झाली की १ जानेवारी २०२१ ला निर्णय मागे घेतला. यावेळी मागे हटतील असं काही मला वाटत नाही.

एंट्रीचं आधी बघून ठेवा, रिक्षातून उतरलं आणि घुसलं असं चालत नाही. आमचं मावसबहिणीच्या मुलामुळे जमलं, तो तिथेच शिकतो.

बहुतेक पब्लिक काय करतं, लुई कान प्लाझावर उभं राहायचं, लायब्ररीच्या त्या मोठाल्या गोलांसमोर चार फोटो आणि बाहेर. लायब्ररी भारीच आहे, वादच नाही, पण ती कुठेही जाणार नाहीये हो! जे जाणार ते मागे आहे, तिकडे चला. मधे जी मोकळी जागा लागते तिथे कानला तळं हवं होतं, वर्गांच्या इमारती एका काठाला आणि डॉर्म दुसऱ्या काठाला, पण डासांच्या भीतीने ते राहूनच गेलं.

डॉर्ममधे शिरलात की आधी कमानी बघा. विटेची रुंद कमान आणि तिच्या दोन टोकांना धरून काँक्रीटची एक आडवी पट्टी. मला आधी वाटलं शोभेला आहे, मग भाच्याने सांगितलं की कमान दोन्हीकडे फाकायला बघते आणि ही पट्टी तिला आवळून धरते, त्यामुळे कमान एवढी चपटी ठेवता येते. एकदा कळलं की मग प्रत्येक मजल्यावर तेच बघत बसतो माणूस. दुसरं म्हणजे आत तो सरकारी हॉस्टेलसारखा लांबलचक कॉरिडॉर नाहीच, जिना आणि चहाची खोली यांच्या भोवती खोल्या, म्हणजे खोलीबाहेर पडलं की कोणीतरी भेटणारच. भर उन्हात आलो होतो तरी त्या जाड भिंतींच्या सावलीत बरं वाटत होतं.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं कौतुक करतोय. एका कोपऱ्यावर वीट उभी तडकलेली, फटीतून गंजलेली सळई दिसते, बोट लावलं तर लाल पूड हाताला लागते. विटकामाच्या आत लोखंड घातलंय, ते गंजून फुगतं आणि विटेलाच फोडतं. त्यात २००१ चा भूकंप झाला. गळती, ओल, छताचे तुकडे पडणं हे सगळं संस्थेनेच लिहून सांगितलंय. मी पाडू नये वगैरे बोलायला लागलो तर भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही एक पावसाळा इथे राहून दाखवा, मग बोलू." गप्प बसलो.

पण तरी पटत नाही. कारण आर्किटेक्ट ब्रिंदा सोमय्यांच्या फर्मने लायब्ररी दुरुस्त केली तिला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि त्यांनीच नीट केलेला १५ नंबरचा डॉर्म तिथेच उभा आहे. तो बघा आणि मग १४ च्या आतला एखादा बघा, लागोपाठ. वीट तीच, कमान तीच. एकाला जमलं ते बाकीच्यांना का नाही? पैसा आणि वेळ लागेल हे मान्य, पण पंधरावा समोर दिसत असताना होतच नाही असं कसं म्हणायचं?

आपल्याकडच्यांनी अजून एक बघावं. कान १९७४ मध्ये अहमदाबादहूनच परत जाताना न्यूयॉर्कच्या पेन या रेल्वे स्टेशनवर वारला, पुढचं बरंच काम अनंत राजेंनी केलं, मुंबईचे, जे.जे.चे, आधी फिलाडेल्फियाला कानच्याच ऑफिसात होते. या कामातले कानचे इथले सहकारी आर्किटेक्ट बी. व्ही. दोशींचं नाव सगळे घेतात, राजेंचं फारसं कोणी घेत नाही. त्यांचं मॅनेजमेंट डेव्हलपमेंट सेंटर आवर्जून बघा.

नवीन कॅम्पस रस्त्यापलीकडे, खालून बोगद्याने जायचं, तिथे संस्थेच्या इतिहासाचे फोटो लावलेत ते चांगलेत. वर सगळं काँक्रीट, चकाचक, मला तरी दहा मिनिटांत कंटाळा आला.

अर्धा स्टार कापला कारण कुठला डॉर्म कधीचा, कोणता राहणार, कोणता जाणार, हे आम्हाला कुठे लिहिलेलं दिसलं नाही, भाचा नसता तर विटा बघून परत आलो असतो. सकाळी लवकर जा, पायात साधे बूट घाला, चालणं बरंच होतं. भूक लागली तर बाहेर किटलीवर, म्हणजे तिकडच्या टपरीवर, चहा आणि मस्का बन, त्याला मात्र पाचपैकी पाच.