जुन्या कौलारू घराला स्प्रे फोम मारावा का? गोव्यातल्या घरांसाठी पर्यायांची तुलना

फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे या भागांतली वाडवडिलांची घरे पुन्हा राहती करायची असे मनात घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न उकाड्याचा असतो. निदान एक खोली तरी एसीची हवी. एसी बसवला की गारवा कौलांच्या फटींतून निघून जातो, बिल फुगते, आणि मग कोणीतरी सुचवतो: कौलांना आतून स्प्रे फोम मारून घ्या, एक-दोन दिवसांत काम होते.

स्प्रे फोम ही चांगली वस्तू आहे, पण ती ज्या घरांसाठी विकसित झाली ती घरे थंड प्रदेशातली. आपल्याकडे तिचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नुकसान होते, हे छप्पर कशाचे आहे आणि त्याखाली एसी लागणार आहे की नाही, या दोन गोष्टींवर ठरते. माझे मत आधीच सांगते: लाकडी वासे आणि मंगळुरी कौले असलेल्या छपराला आतून फोम मारू नका. सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा असेल तर मात्र फोमचा विचार जरूर करा.

उष्णता आणि ओल, दोन्ही कुठून येतात

गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्या वेळी आभाळ मोकळे असते. ऊन झेलते ते छप्पर. चिऱ्यांच्या जाड भिंतींना पडवी आणि वळचण सावली देतात, त्यामुळे भिंतींवाटे येणारी उष्णता त्या मानाने कमी आणि तीही उशिरा, संध्याकाळकडे पोचते. म्हणून भिंतींना आतून फोम किंवा थर्माकोल लावायचा सल्ला कोणी दिला तर तो सरळ बाजूला ठेवा. चिरा पाणी पितो आणि मोकळा असला की सुकतो. त्याची आतली बाजू बंद केली की जमिनीतून चढलेली ओल भिंतीतच राहते आणि गिलावा फुगून पडू लागतो.

दुसरी गोष्ट दमटपणाची. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. थंड देशांत घरातली उबदार, ओलसर हवा बाहेर जाताना भिंतीत गारठते आणि तिचे पाणी होते, म्हणून तिथे वाफ अडवणारा थर आतल्या बाजूला घालतात. आपल्याकडे सगळे उलटे आहे. ओली हवा बाहेर असते आणि गार पृष्ठभाग आत, एसीच्या खोलीत. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा असलेली हवा सुमारे २५ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिथे थेंब धरतात. एसी २२ वर चालतो तेव्हा असा पृष्ठभाग खोलीभर असतो. म्हणून वाफ अडवणारा थर इथे वरच्या, कौलांकडच्या बाजूला हवा. परदेशी व्हिडिओ पाहून काम करणारे नेमके इथे चुकतात.

दोन प्रकारचे फोम

स्प्रे फोम म्हणजे पॉलियुरेथेन. आयसोसायनेट आणि पॉलिऑल ही दोन द्रव्ये बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. ओपन-सेल फोम हलका आणि मऊ असतो, घनमीटरला जेमतेम ८ किलो. त्यातून वाफ आरपार जाते आणि तो पाणी धरूनही ठेवतो. आपल्या हवेत एसीच्या खोलीवर तो नकोच. क्लोज्ड-सेल कडक असतो, घनमीटरला ३० किलोंच्या वर. तो उष्णता जास्त अडवतो, पाणी जवळजवळ शोषत नाही आणि दोन इंच जाडीला वाफही बरीच रोखतो. गोव्यात विचार करायचा असेल तर याचाच.

आता आकड्यांकडे पाहू. दोन इंच क्लोज्ड-सेल फोम जेवढी उष्णता अडवतो, साधारण तेवढीच तीन ते सव्वातीन इंच रॉकवूल (दगडाच्या तंतूंची जाड गादी) अडवते. म्हणजे सगळी जाहिरात ज्या गुणावर उभी आहे तो गुण एका इंचाच्या बचतीचा आहे. जहाजात, शीतपेटीत, शहरातल्या फ्लॅटमध्ये तो इंच मोलाचा असतो. आपल्या घरात आढ्यापासून तक्तपोशीपर्यंत माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी पडलेली असते.

कौलांना आतून फोम: का नको

पहिले कारण दुरुस्तीचे. माकडे छपरावरून जातात, नारळ पडतो, जुने कौल तसेही तडकते. दर वर्षी पावसाआधी शाकारणी करायची, फुटकी कौले काढून नवी सरकवायची, हा या छपराचा स्वभावच आहे. मंगळुरी कौल १८६५ मध्ये बासेल मिशनच्या कारखान्यात बनू लागले, तेव्हापासून त्याचा मोठा गुण हाच की एकेक कौल सुटे काढता येते. क्लोज्ड-सेल फोम हा जबरदस्त गोंद आहे. त्याने कौले एकमेकांना, रिपांना (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांना) आणि वाशांना चिकटतात. एक कौल बदलायचे तर आजूबाजूची चार फुटतात, आणि फोम खरवडल्यावर लाकडाची साल निघते ती वेगळीच.

दुसरे आणि जास्त गंभीर कारण लाकडाचे. भाजलेल्या मातीचे कौल पावसात भिजते, थोडी ओल खालच्या बाजूला येते आणि फटींतल्या वाऱ्याने उडून जाते. रिपा त्याच वाऱ्यामुळे पिढ्यान् पिढ्या टिकल्या. फोमने आतली बाजू बंद झाली की कौल आणि फोम यांच्यामध्ये अडकलेली रीप पूर्ण पावसाळा ओली राहते. गळती सुरू झाली तरी खाली डाग दिसत नाही. पाणी फोमच्या वरून घरंगळत कुठल्यातरी भिंतीच्या डोक्यावर उतरते, आणि समजते तेव्हा वाशाचे टोक कुजलेले असते. वाळवी फोम खात नाही, पण त्यातून बोगदे काढते, आणि त्या बोगद्यांची मातीची रेघ डोळ्यांना दिसत नाही. मेस्त, म्हणजे सुतार, वर चढून वाशावर टिकाव ठोकून आवाज ऐकतो, ती तपासणीच संपते.

ब्रिटनमध्ये छपराच्या लाकडावर फोम मारलेल्या घरांना कर्ज द्यायला अनेक बँका तयार नसतात. कारण हेच, आतले लाकूड तपासता येत नाही. तिथला पाऊस आपल्या पावसाच्या मानाने काहीच नाही, हे लक्षात घ्या.

तिसरे कारण आग. पॉलियुरेथेन पेटते आणि पेटल्यावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड सोडते. म्हणून राहत्या खोलीत ते उघडे ठेवायचे नसते, त्यावर जिप्सम बोर्डासारखा आवरणाचा थर लागतो. जुन्या घरात लाकडी पट्टीतून गेलेली कित्येक दशकांची वायर असते. ती फोममध्ये गाडली की तिची उष्णता बाहेर पडत नाही.

फोमच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे: फटी बंद करण्यात त्याला तोड नाही. आडवेतिडवे वासे, वाकडी भिंत, कुठेही तो जाऊन बसतो. बोर्ड कापून बसवणाऱ्याला ते साधायला दिवस लागतात.

त्याऐवजी काय

एसी नको असेल, फक्त मे महिन्याची धग कमी करायची असेल, तर शाकारणीच्या वेळी कौले उतरवून रिपांखाली अ‍ॅल्युमिनियमचा चकाकता पडदा घालून घ्या. दुपारी तापलेले कौल आपल्याकडे उष्णता फेकते ती मुख्यतः किरणांनी, आणि स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम त्यातली ९० टक्क्यांहून अधिक अडवते. अट एकच, पडदा आणि कौल यांच्यामध्ये बोटभर तरी हवा राहिली पाहिजे. कौलांना चिकटलेला पडदा काही उपयोगाचा नाही. चकाकती बाजू खाली असेल तर उत्तम, कारण वरच्या बाजूवर धूळ बसते आणि गुण जातो. हाच पडदा गळतीचे पाणी वळचणीपर्यंत नेतो, फक्त तो वळचणीबाहेर निघेल एवढा लांब ठेवायला सांगा.

दुहेरी कौले हा जुना उपाय यापेक्षा महाग आणि जड, पण देखणा. खाली सपाट नक्षीची कौले, वर नेहमीची, मध्ये हवा. वासे जुने असतील तर वजन पेलतील का, हे आधी मेस्ताला विचारा.

एसीची खोली करायची असेल तर पडद्यावर भागत नाही. तिथे माझी पसंती वेगळ्या तक्तपोशीला आहे. त्या एकाच खोलीवर लाकडी किंवा फायबर सिमेंटच्या बोर्डाचे छत, त्यावर तीन इंच रॉकवूल, आणि रॉकवूलची चकाकती बाजू वर, कौलांकडे. बोर्ड जिप्समचे घेऊ नका, आपल्या हवेत ते ओल धरून लोंबते. छताला माणूस वर जाईल असे एक झाकण ठेवा आणि झाकणाच्या कडेला रबर पट्टी लावा. वर कौलांखालून वारा पूर्वीसारखा खेळत राहतो, मेस्त पावसाआधी वासे पाहू शकतो, आणि पुढच्या पिढीला हे सगळे नको झाले तर स्क्रू काढून खाली उतरवता येते. रॉकवूलला एक पथ्य आहे: ती भिजली की निकामी होते. म्हणून आधी गळती, मग वूल. उंदरांचा उपद्रव असेल तर तक्तपोशीच्या कडेने बारीक जाळी मारून घ्या.

हवाबंद करायचे ते खोलीला, घराला नाही

स्प्रे फोम विकणारे बहुतेक जण पूर्ण घर हवाबंद करण्याचे फायदे सांगतात. ज्या घरात एसी किंवा हीटर वर्षभर सगळीकडे चालतो, तिथे ते बरोबर आहे. आपल्या घरात दिवसभर खिडक्या उघड्या असतात, वारा पडवीतून माजघरात येतो, पंखा फिरतो. अंगावरून जाणारा वारा हाच इथला थंडावा आहे. असे घर बंद केले तर उकाडा वाढतो आणि पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना, पुस्तकांना, तबल्याच्या पुडीला बुरशी धरते. वर्षातले बरेच महिने कुलूप असलेल्या घराला तर फटी राहू द्याव्यातच.

एसीच्या खोलीत मात्र फटी बुजवण्यावर मन लावून खर्च करा. गारवा जातो आणि ओल येते ती इथूनच. सर्वांत मोठी फट भिंतीच्या डोक्यावर, वासे जिथे टेकतात तिथे असते, आणि वेगळी तक्तपोशी केली की ती आपोआप खोलीबाहेर राहते. मग दाराखाली ब्रश पट्टी, खिडकीच्या चौकटीला रबर, चौकट आणि चिरा यांच्यामधल्या भेगेत चुन्याचा मसाला, एसीचा पाइप जातो त्या भोकाभोवती डब्यातला फोम. फोमचे खरे काम इथे आहे: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एक डबा, बोटाएवढ्या फटीत. शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर त्या काढू नका, आतल्या बाजूने काचेचे दुसरे तावदान बसवा.

ज्या खोलीत किंवा न्हाणीघरात गॅस गिझर किंवा शेगडी आहे ती कधीही हवाबंद करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्लॅब आणि पत्रा: इथे फोम जिंकतो

१९७०-८० नंतर बांधलेल्या किंवा जुन्या घराला जोडलेल्या स्लॅबच्या खोल्या कौलारू भागापेक्षा जास्त तापतात, आणि रात्रीही उष्णता सोडत राहतात. स्लॅबच्या वरच्या बाजूला दीड-दोन इंच क्लोज्ड-सेल फोम आणि त्यावर संरक्षक लेप किंवा बारीक जाळी घालून सिमेंटचा थर, हे काम चोख होते. ऊन वरच अडते, सांधा नसलेला थर असल्याने गळतीलाही मदत होते, लाकूड नसल्याने कुजण्याची भीती नाही आणि खोलीत आगीचा धोका येत नाही. लेप मात्र चुकवता येत नाही. उघडा फोम उन्हाने पिवळा पडून भुकटी होतो.

याला तुल्यबळ स्पर्धक म्हणजे स्लॅबवर उतरते छप्पर उभारणे, जे गोव्यात सर्रास दिसते. सावली आणि पाऊस दोन्हींचा बंदोबस्त होतो, वर कपडे वाळत घालता येतात. खर्च परवडत असेल आणि पंचायतीची परवानगी मिळत असेल तर मी तेच करीन. परवानगी किंवा पैसा आडवा आला तर फोम. दोन्हीही जमत नसेल तर पांढरा परावर्तक रंग, जो दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.

लोखंडी पाइपांवर पत्रा असेल तर पत्र्याखाली क्लोज्ड-सेल फोम पावसाचा आवाज आणि पत्र्यावर धरणारे पाणी, दोन्ही थांबवतो. पत्रा नवीनच घालायचा असेल तर कारखान्यात बनलेले पफ पॅनल घ्या. आत तोच फोम असतो, पण दोन्ही बाजूंनी झाकलेला, एकसारख्या जाडीचा, आणि घरात फवारणी करावी लागत नाही.

फोमच ठरवला असेल तर

काम डिसेंबर ते मेमध्येच करा. ओल्या पृष्ठभागावर आयसोसायनेट पाण्याशी आधी प्रतिक्रिया करते आणि फोम पकड घेत नाही. ठेकेदाराकडून जाडी, घनता आणि वरच्या लेपाचे नाव कागदावर लिहून घ्या. नुसता चौरस फुटाचा दर ऐकून होकार देऊ नका, कारण पातळ फवारून दर उतरवणे सर्वांत सोपे असते. एका वेळी दोन इंचांहून जाड थर मारू देऊ नका, आतली उष्णता अडकून फोम करपतो. फुगवणारा वायू कोणता तेही विचारा: ओझोनला घातक एचसीएफसी-१४१बी भारतात २०२० पासून बंद आहे. फवारणी चालू असताना आणि त्यानंतर किमान २४ तास घरात कोणीही राहू नये, दमा असलेल्यांनी तर नाहीच. आयसोसायनेटने दम्याचा नवा विकार जडू शकतो. दोन दिवसांनीही मासळीसारखा वास येत असेल किंवा फोम कडेने सुटून आक्रसत असेल, तर द्रव्यांचे प्रमाण चुकले आहे. तो भाग कापून काढून पुन्हा करून घ्यावा लागतो, म्हणून शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवा.