नाटक, मालिका की संहिता-सल्ला? ठाण्यात राहून लिहिणाऱ्यासाठी

हा प्रश्न मला बहुधा गडकरी रंगायतनला मध्यंतरात विचारला जातो, हातात बटाटावडा असताना. दहा मिनिटांत उत्तर होत नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी पैसा. मालिकेत लेखकाचा दर एपिसोडमागे ठरतो आणि रोजच्या मालिकेचे महिन्याला पंचवीसेक एपिसोड होतात. घराचा हप्ता निघतो. पण कथा, पटकथा आणि संवाद ही कामं बहुतेकदा वेगवेगळ्या माणसांकडे असतात, आणि नवा माणूस सहसा संवादाला लागतो. संध्याकाळी पटकथा हातात पडते, सकाळी घोडबंदर रोडवरच्या सेटवर कलाकार मेकअप करून तुमच्या पानांची वाट बघत बसतात. गुरुवारी टीआरपी घसरलेला दिसला की महिनाभर रचलेला ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, एका मीटिंगमध्ये गुंडाळतात. त्याचं वाईट वाटून घ्यायलाही वेळ नसतो. पैसे दोन-तीन महिन्यांनी, टीडीएस कापून. एक मालिका अचानक बंद झाली तेव्हा माझे अकरा एपिसोडचे पैसे अडकले. अजून अडकलेलेच आहेत.

नाटकात मानधन प्रयोगामागे. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, तेही तारखा मिळाल्या तर. त्याआधीची काही वर्षं एकांकिका स्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धेत जातात. टेम्पोचं भाडंसुद्धा ग्रुपने वर्गणी काढून भरायचं. प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्र लागतं, ते वेगळंच.

तरीही मी नाटकाच्या बाजूने बोलणार. वाशीच्या भावे नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसून आपलं हुकमी वाक्य सपशेल पडताना ऐकलंय मी. रात्री ते कापलं, पुढच्या प्रयोगाला तिथे नुसता पॉज ठेवला आणि हशा आला. ही शिकवणी मालिकेत मिळत नाही, कारण तिथे तुमचं वाक्य कुठे पडलं हे तुम्हाला ऐकूच येत नाही.

दुसरं कारण हक्कांचं. नाटकाचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. नाटककार विजय तेंडुलकर 2008 साली गेले. त्यांच्या नाटकांचं संरक्षण 2068 अखेरपर्यंत आहे. राम गणेश गडकरी 1919 साली गेले, म्हणून त्यांचं नाटक आज कुणीही करावं. मालिकेच्या करारात मात्र बहुतेक हक्क पहिल्याच सहीत निर्मात्याकडे जातात.

राहिलं संहिता-सल्ला देणं. दुसऱ्याचा ड्राफ्ट वाचायचा, कुठे अडकतोय ते सांगायचं, ड्राफ्टमागे फी घ्यायची. नेरूळला बसून करा नाहीतर कासारवडवलीला. श्रेयनामावलीत नाव क्वचितच येतं. पण ज्याचं एकही काम लोकांनी पाहिलेलं नाही, त्याला आपला ड्राफ्ट कोण देईल? सुरुवात इथून करू नका.

डोक्यावर कर्ज नसेल तर दोन-तीन वर्षं नाटकाला द्या. कर्ज असेल तर संवाद घ्या, पण वर्षाला एक एकांकिका सोडू नका. अंधेरीच्या मीटिंगला ठाण्याहून घाटकोपर आणि पुढे मेट्रो, हे अंगवळणी पडतं. जाण्याआधी गोष्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवा, ऑनलाइन होतं. आणि करारात मालिका बंद पडल्यास लिहून दिलेल्या एपिसोडचे पैसे किती दिवसांत मिळणार, ती ओळ शोधा. माझ्या करारात ती नव्हती.