लिलावातली वॅगन-आर आणि मिरजेच्या काकांची आय-टेन: १६ महिन्यांनंतर

‘लिलावात गाडी निम्म्या किमतीत पडते’ असं मला ज्याने सांगितलं, त्याने स्वतः लिलावातून कधी सायकलसुद्धा घेतलेली नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर ऑगस्ट २०२४ मध्ये मी २,३८,००० ला बोली मारून मोकळा झालो होतो. २०१७ ची वॅगन-आर, पेट्रोल. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली. माझा ठिबकच्या सामानाचा धंदा आहे, मागची सीट पाडून पाइपची बंडलं टाकता यावीत एवढीच अपेक्षा होती.

आधी यार्डाबद्दल. बोलीच्या अगोदर गाडी बघायला देतात, चालवायला नाही. पुण्याबाहेरच्या त्या यार्डात दीड-दोनशे गाड्या धूळ खात उभ्या होत्या, काचांवर मार्करने लॉट नंबर टाकलेले. माझ्या लॉटच्या बाजूच्या आरशात कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं, म्हणजे गाडी किती दिवस जागची हलली नसेल बघा. बॅटरी मेलेली. वॉचमनकडे एकच जंपर केबल, तीसुद्धा दुसऱ्या रांगेत गेलेली. वीस मिनिटं थांबून शेवटी इंजिनाचा आवाज न ऐकताच बाहेर पडलो. ‘जशी आहे, जिथे आहे’ ही अट कागदावर वाचताना काही वाटत नाही.

आम्ही सांगलीकर २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेली माणसं, त्यामुळे एक सवय मात्र कामाला आली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. वरचा पट्टा कुणीही धुतो, आत गुंडाळलेल्या भागातला गाळ तसाच राहतो. शेजारच्या लॉटमधल्या एका चकचकीत सेडानचा पट्टा हातभर मातकट निघाला. माझ्या गाडीचा स्वच्छ होता. त्या आनंदात क्लच बघायचा राहिला, तो पुढे साडेसहा हजाराला पडला.

पण खरा घोळ कागदांचा. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, जुन्या मालकाच्या नावावर, त्यावर फायनान्सचा बोजा, आणि मूळ आरसी त्या मालकाकडेच. ज्याची गाडी ओढून नेली तो माणूस आरसी कशाला आणून देईल? अशा वेळी फायनान्सवाल्यांनी फॉर्म ३६ भरून आधी आरसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, आरटीओ जुन्या मालकाला नोटीस पाठवतं, आणि मग गाडी आपल्या नावावर होते. कायद्यात तशी सोय आहे. फक्त पैसे भरून झाल्यावर आपला फोन उचलायची घाई कुणालाच नसते. चार महिने गेले. तेवढ्यात गाडीवर आधीची ११ ई-चलनं निघाली, साडेसात हजारांची. ती घेणाऱ्याने भरायची हे अटींच्या कागदावर मागच्या पानावर होतं.

ते चार महिने गाडी दारात चिंचेखाली ताडपत्री घालून उभी. दुसऱ्याच्या नावावरची गाडी, विमा संपलेला, रस्त्यावर काढणार कशी? दसऱ्याला वडिलांनी जागेवरच हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं, पण गाडी पुढे घ्यायची नाही म्हणून लिंबू तसंच राहिलं. दिवाळीत उंदरांनी वायरिंग कुरतडलं. बॅटरी, टायर, क्लच, वायरिंग, दुसरी चावी, लिलाववाल्यांची फी, चलनं, एजंट असं सगळं धरून, विमा सोडून, गाडी २,९८,००० ला पडली. तेव्हा बाजारात तशीच गाडी सव्वातीनच्या आसपास होती. डिसेंबरपासून मात्र रोज चालते आहे आणि इंजिनाबद्दल तक्रार करायला जागा नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मार्च २०२५ मध्ये घरासाठी दुसरी गाडी बघायची ठरली, तेव्हा लिलावाचं नाव काढलं असतं तर बायकोने मलाच लिलावात काढलं असतं. थेट मालकाकडून घ्यायची ठरलं. इथे वेगळी गंमत. ‘मालक स्वतः विकत आहे’ लिहिणाऱ्यांतले निम्मे दलाल. त्यावर माझा उपाय म्हणजे फोनवर गाडीचं नाव घ्यायचंच नाही. नुसतं ‘गाडीसाठी फोन केला होता’ म्हणायचं. समोरच्याने ‘कुठली गाडी?’ विचारलं की फोन ठेवायचा. एका स्विफ्टचा मीटर ५८ हजार दाखवत होता. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत तीच गाडी २०२१ सालीच ७१ हजारांवर.

सातवी गाडी मिरजेच्या एका निवृत्त काकांची, २०१६ ची ग्रँड आय-टेन. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर रात्रीचं चालवणं जमेना म्हणून विकायला काढलेली. काकांकडे पेट्रोलची वही होती. तारीख, लिटर, किलोमीटर, पहिल्या दिवसापासून. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “डावं मागचं दार रंगवलेलं आहे बरं का. आमच्याच फाटकाला घासलं होतं. आणि एसीला पहिली पाच मिनिटं द्या, मग गार करतो.” टायरवर ४११६ होतं, म्हणजे २०१६ च्या ४१ व्या आठवड्यातले, कंपनीतूनच आलेले. चारही बदलायला झालेत हे दाखवल्यावर ३,४०,००० वरून ३,२२,००० वर आले. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, ओटीपी दिला, आणि १९ दिवसांत गाडी नावावर. विमाही १४ दिवसांच्या आत नावावर करायला टाकला. नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तेवढा काकांचा काकांकडे राहतो, त्याचा फरक आपण भरायचा.

नऊ महिन्यांत सस्पेन्शनचे बुश सोडले तर काही खर्च नाही. काका अधूनमधून फोन करून गाडीची खुशाली विचारतात. गेल्या महिन्यात हँडलमध्ये थरथर जाणवली, तर मीच त्यांना फोन लावला. “८० च्या पुढे ना? अलाइनमेंट नाही, बॅलन्सिंग करा.” दोनशे रुपयांत काम झालं. वॅगन-आरच्या डॅशबोर्डमधून येणारी खडखड मात्र दोन मेकॅनिकना अजून सापडलेली नाही, आणि विचारायचं कुणाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी कमी होऊन १८ टक्के झाल्यावर जुन्यांचे भावही उतरलेत. माझं २,९८,००० चं गणित आज लिलावात बसणार नाही.

तरी मेहुणा सध्या लिलावातल्या पिकअपच्या मागे आहे. धंद्याची गाडी, चार महिने थांबायची तयारी आहे म्हणतो. गुरुवारी यार्डात जाणार आहोत. त्याला सांगितलंय, घरची बॅटरी आणि जंपर केबल आपणच न्यायची.