मेदाम्लांची दोन दारं: मायटोकॉन्ड्रिया आणि पेरॉक्सिझोम

पेशीत मेदाम्लं (चरबीतले लांब कार्बन-साखळीचे रेणू) जाळली जातात दोन ठिकाणी, मायटोकॉन्ड्रिया आणि पेरॉक्सिझोम या पेशीतल्या छोट्या कप्प्यांत, पण आत शिरायची रीत दोन्हीकडे वेगळी.

१६-१८ कार्बनांची नेहमीची मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियाकडे जातात. जाळण्याआधी मेदाम्लाला कोएन्झाइम-ए हा मदतनीस रेणू जोडला जातो, पण तो चिकटलेला रेणू तिथल्या आतल्या पटलातून जात नाही. म्हणून बाहेरच्या पटलावर सीपीटी-१ हे विकर (एन्झाइम) कोएन्झाइम-ए काढून कार्निटिन हा दुसरा छोटा रेणू लावतं. वाहक प्रथिन ती जोडी आत सोडतं, बदल्यात मोकळं कार्निटिन बाहेर काढतं. आत सीपीटी-२ हे दुसरं विकर पुन्हा कोएन्झाइम-ए चढवतं. सगळा अदलाबदलीचा मामला. वाहकाला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागत नाही.

पेरॉक्सिझोमचं दार मला जास्त चक्रावणारं वाटतं. २२ कार्बनांहून लांब साखळ्या इथे येतात, त्याही कोएन्झाइम-ए सकट. कार्निटिनची गरजच नाही. इथलं एबीसीडी-१ हे खरं तर अर्धंच वाहक प्रथिन. दोन अर्धी जुळली की एक पंप तयार होतो आणि तो एटीपी खर्चून साखळी आत ढकलतो. गंमत म्हणजे, वाटेतच कोएन्झाइम-ए तुटतं आणि आत गेल्यावर पुन्हा जोडलं जातं, असं प्रयोगांतून दिसतं. तोडायचंच होतं तर आणलं कशाला, असं वाटतं खरं!

बिघाडही वेगळे. सीपीटी-१ यकृतात नसेल तर उपाशीपोटी रक्तातली साखर घसरते. एबीसीडी-१ चं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं की २६ कार्बनांची मेदाम्लं साचतात, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि मेंदूतलं मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) यांना इजा पोहोचते. हाच अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रोफी.

पेरॉक्सिझोम साखळी पूर्ण जाळत नाही. आखूड झालेला तुकडा शेवटी मायटोकॉन्ड्रियाकडेच जातो.